कुजणारी डबी

खड्डा उघडायच्या दिवशी दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. एरवी तो कारखान्यात बनियनवर निळा कोट चढवून फिरायचा आणि पाहुणे आले तरी त्याच कोटाला हात पुसत पुढे यायचा. त्या दिवशी मात्र सकाळीच बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, जाऊन आल्यामुळे कपाळाला गंध होतं, दाढी गुळगुळीत केलेली होती, आणि मी फाटकातून आत शिरले तेव्हा तो खड्ड्याभोवतीचा पाचोळा स्वतः झाडत होता.

"लग्न आहे काय रे कुणाचं?" मी विचारलं.

"लग्नच की," तो म्हणाला. "तुझ्या डबीचं."

पॅकिंगच्या बायका हसल्या. मीही हसले.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं शेड आहे. आमच्या वडिलांनी, आप्पांनी सुरू केलेलं. बाटल्यांची झाकणं, औषधाच्या बाटलीवर येतात ते मोजकप, असलं काहीबाही. आप्पा अचानक गेले तेव्हा दादा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मी शाळेत. दादाने कॉलेज सोडलं आणि मशीनपुढे उभा राहिला. मला मात्र त्याने शिकवलं. पुण्याला पाठवलं, पॉलिमरची इंजिनिअर होऊ दिलं, आणि कुपवाडमध्ये ज्याच्या त्याच्याजवळ सांगितलं की मगदूमांच्या घरात आता दाण्याची डॉक्टर आहे. दाणा म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. डॉक्टर मी नव्हते, पण दादाला तो फरक महत्त्वाचा वाटत नसे.

पुढे पुण्यातल्या एका कंपनीचं काम दादाला मिळालं. ही कंपनी ऑफिसांमधून कॉफीची यंत्रं बसवते. यंत्रात कॉफीची पूड भरलेली एक छोटी बंद डबी घालायची, बटण दाबायचं, गरम पाणी त्या डबीतून जातं आणि खाली कपात कॉफी पडते. मग डबी कचऱ्यात. इंग्रजीत तिला पॉड म्हणतात. आमच्याकडच्या बायका डबीच म्हणायच्या. ती रिकामी डबी आम्ही करून द्यायचो, प्लास्टिकची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. एकदा दादाबरोबर त्या कंपनीच्या एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात गेले होते. जेवायच्या सुट्टीच्या आतच यंत्राशेजारची बादली आमच्या डब्यांनी काठोकाठ भरली होती. एका मजल्यावरची, एका सकाळची. दादा ती बादली बघून खूश झाला. परत येताना गाडीत मी त्याला म्हटलं, "हीच डबी कुजणारी केली तर?"

"आप्पांनी जन्मभर टिकणाऱ्या वस्तू केल्या," तो म्हणाला, "आणि तू कुजणारी कर म्हणायलीस."

पण नोकरी सोडून मी कुपवाडला आले तेव्हा त्याने मला अडवलं नाही. शेडच्या मागच्या बाजूची खोली रिकामी करून दिली. मक्यापासून होणारा एक दाणा बाजारात मिळतो, पण त्याच्या नुसत्या डब्या मोठ्या भट्टीसारख्या उष्णतेतच कुजतात. कुणाच्या परसातल्या खड्ड्यात त्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. मला परसातल्या खड्ड्यात कुजेल अशी डबी हवी होती. त्यासाठी मी त्यात उसाच्या चिपाडाचं बारीक भुसकट आणि आणखी दोन गोष्टी मिसळत होते. भुसकट जास्त झालं की डबी यंत्रात फुटायची, कमी झालं की कुजायची नाही. माल जराही ओला राहिला की मोल्डिंगमध्ये बुडबुडे यायचे. महिनोन्‌महिने आम्ही फक्त भंगार केलं. दादा शिफ्ट संपल्यावर मशीन माझ्यासाठी लावून द्यायचा, तापमान वरखाली करून बघायचा, साच्याला चिकटलेला माल पितळेच्या सळईने काढायचा आणि एका शब्दाने कुरकुर करायचा नाही. कंटाळून मी खाली बसले की म्हणायचा, "बस बस. मी आणखी एकदा बघतो."

म्हणून मला वाटायचं की या कामात आम्ही दोघं बरोबर आहोत.

शेवटी ती डबी जमली. उकळत्या पाण्याचा दाब सोसायची, कॉफीला वास येऊ द्यायची नाही. माझ्या खोलीमागच्या कुंडीत मी घातलेल्या पहिल्या डब्यांचं खतही झालं. कंपनीने रस घेतला, पण आमच्या कुंडीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी त्यांचा माणूस पाठवला. गुरुदत्त शेणॉय. उंच, किडकिडीत, पायांत साध्या चपला. हळू बोलायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायचे, जणू ते वाक्य समोरच्याच्या हातात पडलंय की नाही ते बघतायत.

कुजण्याची चाचणी त्यांच्या पद्धतीने झाली. वापरलेल्या डब्या त्यांनी पुण्यातच नायलॉनच्या जाळीच्या पाच पिशव्यांत भरल्या, पिशव्या शिवून बंद केल्या आणि आमच्याकडे आणल्या. शेडमागे शेण, पालापाचोळा आणि भाजीचा कचरा घालून केलेल्या खड्ड्यात त्यांनी त्या स्वतःच्या हाताने पुरल्या. भोवती जाळीचं कुंपण, कुंपणाला कुलूप. तीन महिन्यांनी येऊन ते उघडणार होते. तोवर खड्ड्याला पाणी घालायचं आणि वरचा थर हलवायचा, बस. किल्ली दादाने ठेवून घेतली. पाणी घालायचं काम त्याने कुणाला दिलं नाही. सकाळी शेडचं शटर उघडायच्या आधी तो झारी घेऊन मागे जायचा. आई मला म्हणायची, "देवळातल्या झाडाला घातलं नसेल एवढं पाणी घालतोय तुझ्या खड्ड्याला."

शेणॉय ठरल्याप्रमाणे आले. बरोबर स्वतःची कात्री, चाळणी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. बायका मशीन बंद करून मागे गोळा झाल्या. दादाने कुलूप काढलं आणि फावड्याने वरचा थर बाजूला केला. पहिली पिशवी शेणॉयांनी बाहेर काढली, बादलीत बुडवून वरचा चिखल धुतला आणि पिशवी उलटसुलट करून शिवण बघितली. जरा जास्तच वेळ बघितली. मग कात्री लावली.

वर्तमानपत्रावर काळीभोर, भुसभुशीत माती पडली. त्यांनी ती चाळणीतून चाळली. चाळणीत काहीच राहिलं नाही.

"बघा साहेब," दादा म्हणाला. "नावाला काही उरलं नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी खाली वाकून वर्तमानपत्राची घडी सरळ करायला लागले. दुसरी पिशवी. तीच माती. तिसरी. शेणॉयांचे हात हळू व्हायला लागले होते. चौथी पिशवी चाळून झाल्यावर त्यांनी चाळणी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तिच्याकडे नुसतं बघितलं. पाचवीही त्यांनी तशीच चाळली, मग हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं.

"पेढे आणतो," दादा म्हणाला आणि पुढच्या बाजूला गेला. बायकाही त्याच्या मागोमाग गेल्या.

शेणॉय माझ्याकडे वळले. "मॅडम, यात काहीतरी उरायला हवं होतं."

"म्हणजे?"

"प्रत्येक पिशवीत मी तुमच्या डब्यांबरोबर एक साधी डबी घातली होती. प्लास्टिकची. तुमच्याच कारखान्यातली, त्याच साच्यातली. आमच्या गोदामात खोकीच्या खोकी आहेत." ते थांबले. "ती तुमच्या-माझ्या हयातीत कुजायची नाही. ती कुठे गेली?"

मला त्यांचं म्हणणं समजायला वेळ लागला. समजल्यावर आधी वाटलं ते विसरले असतील, घालायची राहिली असेल. तसं मी म्हणालेही.

"एका पिशवीत राहिली असती," ते म्हणाले. "पाचांत नाही. आणि ही शिवण माझ्या बायकोची नाही. ती टाके जवळजवळ घालते. हे कुणीतरी दाभणाने शिवलंय."

"मी नाही उघडल्या पिशव्या."

"तुम्ही उघडल्या असं मी म्हणत नाही. मी सगळ्याच पुरवठादारांकडे असं करतो. कुजलेलं दाखवणं फार सोपं असतं." त्यांनी कात्री पिशवीत ठेवली. "मला फक्त एवढंच लिहावं लागेल की नमुन्यांशी छेडछाड झालेली आहे. कुणी केली ते मला ठाऊक नाही, म्हणून तेही लिहिणार नाही. साध्या डब्यांचं काम वेगळं आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही."

दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा ते गाडीत बसत होते. त्यांनी नमस्कार केला, पेढा घेतला नाही.

"काय झालं गं?" दादाने विचारलं. "चहापण न घेता गेले."

मी त्याला केबिनमध्ये नेलं आणि दार लावलं.

"पिशव्या कुणी उघडल्या, दादा?"

"कुणी म्हणजे? कुत्री येतात मागनं. उकरलं असेल."

"कुत्री शिवत नाहीत."

त्याने पुडा टेबलावर ठेवला. त्याचा दोरा सुटला होता, तो त्याने नीट गुंडाळून गाठ मारली.

"मी उघडल्या," तो म्हणाला.

"कधी?"

"मागच्या आठवड्यात, तू डबीच्या झाकणाच्या कागदासाठी पुण्याला गेलतीस तेव्हा." तो खुर्चीत बसला. "उगीच एक बघावी म्हणून उघडली. हात घातला तर डबी लागली हाताला. अख्खी. कडसुद्धा झिजली नव्हती. तीन महिने संपत आलेले. आता काय कुजणार होती ती? सगळ्या वसाहतीला मी सांगून ठेवलेलं माझी बहीण काय करायलीय ते. त्या माणसानं सगळ्यांसमोर अख्ख्या डब्या काढून ठेवल्या असत्या तर तुझी काय अब्रू राहिली असती?"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार. सगळ्या रिकाम्या केल्या. मिरजेच्या नर्सरीतनं गांडूळखत आणलं, भरलं, शिवलं. तुला कळू द्यायचं नव्हतं." आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "एकदा ऑर्डर हातात आली की तू सुधारली असतीस की डबी. तेवढा वेळ मिळाला असता तुला."

"किती डब्या अख्ख्या सापडल्या?"

"सापडली ना. सांगितलं की."

"एक?"

"एक बघितल्यावर आणखी काय बघायचं?"

"पिशवीतली माती कुठाय?"

"कॉम्प्रेसरच्या मागं. पोत्यात आहे. टाकून देणार होतो."

मी उठून गेले. तो माझ्या मागे आला, म्हणाला, "त्रिशला, आता कशाला?" मी पोतं ओढत शेडमागच्या उन्हात आणलं आणि बांधकामाच्या वाळूची चाळणी घेतली. माती ओलसर होती, वास चांगला येत होता, पावसाळ्यात शेताच्या बांधावर येतो तसा. मी मूठमूठ टाकून चाळायला लागले. कॉफीच्या चोथ्याचे मऊ गोळे बोटांनी फुटत होते. काही पांढरट पापुद्रे होते, हात लावला की त्यांचा भुगा व्हायचा. ते माझ्या डब्यांचे तळ होते. तेवढेच उरले होते आणि आणखी आठवड्याभरात तेही उरले नसते.

आणि पाच अख्ख्या डब्या.

मी त्या धुतल्या आणि शेजारच्या पिंपावर ठेवल्या. दादा जवळ आला. त्याने एक उचलली, कडेला नख लावलं, मग कानापाशी नेऊन दोन बोटांत वाकवली. ती टक करून पुन्हा सरळ झाली. माझी डबी अशी वाकली नसती, मोडली असती. त्याला मी काही सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं तो नखाने आणि कानाने दाणा ओळखत आला होता.

"पीपी आहे," तो म्हणाला. "आपली जुनी, साधी डबी."

"त्यांनी मुद्दाम घातली होती. प्रत्येक पिशवीत एक."

त्याने डबी पिंपावर ठेवली. दुसरी उचलली. तीही वाकवून बघितली. पाचही डब्या त्याने तशा बघितल्या. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि गंध ओघळून भुवईपर्यंत आलं होतं.

"तेव्हा का नाही वाकवून बघितलीस?" मी विचारलं.

त्याने हातातली डबी पिंपावर बाकीच्यांच्या रांगेत ठेवली.

"एवढं तर तू झोपेत करतोस, दादा. कुठलाही तुकडा हातात आला की वाकवून बघतोस. वहिनीने आणलेले डबेसुद्धा वाकवून बघतोस. ही का नाही?"

"गरज वाटली नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. मशीनवर माझ्यासाठी तासन्‌तास उभा राहणारा, चिकटलेला माल काढताना हात भाजून घेणारा हा माणूस ती डबी जमेल असं एक दिवसही मानत नव्हता. मातीत हात घालताना त्याला जे सापडणार म्हणून आधीपासून ठाऊक होतं, तेच त्याला सापडलं.

"मला एकदा विचारायचंस," मी म्हणाले. "फोन करायचास. मी चार-पाच तासांत आले असते."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं," तो म्हणाला.

मी शेणॉयांना फोन केला. ते अजून कराडच्या अलीकडेच होते. गाडी बाजूला घ्यायला सांगून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कुणी केलं हे मी सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की आमच्यातल्या कुणीतरी घाबरून केलं आणि खरी माती माझ्यासमोर आहे, त्यात त्यांच्या पाच डब्या आहेत आणि माझी एकही नाही.

"मला तुमचं खरं वाटतं, मॅडम," ते म्हणाले. "पण त्या पोत्याला मी आता काय म्हणू? ते आठवडाभर तुमच्या शेडमध्ये होतं."

"पुन्हा पुरा. तुमच्याकडे पुरा."

ते थांबले. पलीकडून ट्रक गेल्याचा आवाज आला. "एक मार्ग आहे. कुणी उघडल्या, का उघडल्या, हे तुम्ही मला लेखी द्या. त्या जोरावर मी दुसरी चाचणी मागून घेईन. मिळेल असं मला वाटतं."

"आणि त्या माणसाचं काय होईल?"

"आमची कंपनी त्याच्याशी कुठलाही व्यवहार ठेवणार नाही. साध्या डब्यांचासुद्धा नाही. ते माझ्या हातात नाही."

त्या साध्या डब्यांवर तेव्हा अर्धा कारखाना चालत होता. दादापासून मी हे लपवलं नाही. त्याला केबिनमध्ये जसंच्या तसं सांगितलं.

"दे लिहून," तो म्हणाला. तो रागावला नव्हता. "मी अडवणार नाही. चूक माझी आहे. फक्त त्या बाहेर बसल्यात ना, मालूबाई, शकिरा, त्यांना तू सांग. मला नाही जमायचं."

मी घरी गेले तेव्हा आईला त्याने आधीच सांगितलेलं होतं. ती भाजी निवडत होती. मी बसले तशी शेंगा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "त्यानं तुझ्यासाठी कॉलेज सोडलंय, त्रिशला."

"मला ठाऊक आहे."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना हेपण."

"आई, माझी डबी कुजली होती."

"असेल," ती म्हणाली. "आणखी एक करशील तू. तुला येतंय. त्याला दुसरं काय येतं?"

मी लिहून दिलं नाही. दोन दिवस कागद समोर घेऊन बसत होते, आणि शटरमधून मालूबाई खोक्यांना पट्टी मारताना दिसायची. तिसऱ्या दिवशी शेणॉयांना फोन करून नाही म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." वाईट वाटल्यासारखं म्हणाले. त्यांनी अहवालात जे लिहायचं ते लिहिलं असेल.

मी दादाला म्हटलं की मला पुन्हा सुरुवात करू दे, दुसरं गिऱ्हाईक बघू. तो हो म्हणाला. पण मशीन रिकामं होईना. पुण्याच्या कंपनीला साध्या डब्या जास्त हव्या होत्या, साच्यावर दोन पाळ्या लागल्या. आज नको, उद्या बघू, या महिन्याचा माल जाऊ दे. असं सांगताना तो माझ्याकडे बघायचा नाही. एके दिवशी मागच्या खोलीत गेले तर माझ्या टेबलावर तयार डब्यांची खोकी रचलेली होती. जागा कमी पडत होती, तात्पुरती ठेवली होती.

मी वसईला आणि नाशिकला दोन कारखान्यांत विचारून आले. धंदा छोटा आहे. एका ठिकाणी माझं बोलणं संपल्यावर मालकाने फक्त एवढंच विचारलं, "कुपवाडचं ते प्रकरण तुमचंच ना?" मी हो म्हणाले आणि पाणी पिऊन उठले.

त्यानंतर मी इचलकरंजीला एका कॉलेजात शिकवायला लागले, अजूनही तिथेच आहे. परसातल्या खड्ड्यात कुजणाऱ्या डब्या आता बाजारात मिळतात, दुसऱ्या कुणीतरी केलेल्या. एकदा एक विकत आणून मी मोडून बघितली. चांगली आहे. माझ्या डबीला तिच्यापेक्षा कमी वेळ लागला असता, पण हे मी कुणाला दाखवू शकत नाही.

दादाशी माझं भांडण झालं नाही. दिवाळीला जाते, भाऊबीजेला ओवाळते. पिशव्यांबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मला वाटायचं, तो विषय आमच्या दोघांमध्ये ठेवलेला आहे, त्याच्याही मनात तो तसाच असेल आणि न बोलणं हीच त्याची माफी मागायची रीत असेल. त्या समजुतीवर माझी बरीच वर्षं गेली.

मागच्या वर्षी त्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. जेवणाची पंगत गच्चीवर होती. माझ्या शेजारी वसाहतीतले एक जुने कारखानदार बसले होते, चौगुलेकाका, आप्पांच्या ओळखीचे. त्यांनी मला ओळखलं, कुठे असतेस, काय करतेस विचारलं, आणि मग भाताचा घास कालवता कालवता म्हणाले, "ते तुझं कायतरी होतं बघ, कुजणाऱ्या डब्या. त्याचं काय झालं पुढं?"

मी तोंड उघडायच्या आत दादा, जो आमच्यामागे उभा राहून वाढपावर लक्ष ठेवत होता, पुढे वाकला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कुजल्याच नाहीत हो त्या, काका," तो म्हणाला. "हिनं लई प्रयत्न केला. दिवसरात्र एक केली. पण नाही जमलं. असतं एखाद्याचं नशीब."

चौगुलेकाकांनी च् च् केलं.

मी मान वळवून दादाकडे बघितलं. मला वाटलं होतं तो नजर चुकवेल. त्याने चुकवली नाही. त्याच्या तोंडावर लपवाछपवी नव्हती, ओशाळेपणा नव्हता, खोटं बोलताना त्याचा ओठ जो जरा वाकडा होतो तोही झालेला नव्हता. तो माझ्याकडे मायेने बघत होता. मधल्या वर्षांत कधीतरी ते पोतं, ती चाळणी, पिंपावरच्या त्या पाच डब्या त्याच्या डोक्यातून निघून गेल्या होत्या, आणि त्याला सुरुवातीपासून जे वाटत होतं तेवढंच मागे उरलं होतं.

वहिनी जिलबीचं ताट घेऊन आली. "वाढू, ताई?"

"नको," मी म्हणाले. "खरंच नको."

"वाढ गं," दादा तिला म्हणाला. "तिला आवडते."

वहिनीने दोन वाढल्या.